बशीरभाई, ते ग्रुपवर बोलायला नको होतं

बशीरभाई,

मला बोलायची बंदी आहे, म्हणून लिहिते. आठ दिवस तोंडातून अक्षर काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्यानं म्हणे गळ्याला जास्त ताण पडतो. आज चौथा दिवस. घरात पाटीवर लिहून चहा मागते. आमचे हे पाटी वाचतात आणि स्वतःही हळू आवाजात बोलतात, जशी काय बंदी त्यांनाही झालीय.

तुम्हाला जाऊन तेवीस दिवस झाले.

मला भीती वाटते, बशीरभाई. गळ्यातनं काढलेली गाठ तपासायला गेलीय, त्याचा कागद अजून आलेला नाही. बंदी उठल्यावर तोंड उघडलं आणि आत काहीच उरलं नसलं तर, ही एक भीती. सकाळी दात घासताना चुकून खाकरले, तर पटकन तोंडावर हात ठेवला. पण खरं सांगते, या सगळ्यापेक्षा जास्त भीती मला गारगोटीच्या तुमच्या घराची वाटते. तिथं जाऊन मी एक गोष्ट सांगायला हवी होती. गेले, बसले, चहा प्याले आणि न सांगता परत आले. तेव्हा तर आवाज होता माझ्याकडं.

आधीपासून लिहिते, म्हणजे मलाच धीर येईल.

तुम्हाला आठवतंय, ग्रुपमध्ये माझा पहिला प्रश्न कसा होता ते? आमचा उत्तरेश्वर पेठेत डंक आहे. हंगामात सगळ्या पेठेतल्या बायका भाजलेल्या मिरच्या घेऊन येतात आणि लोखंडी मुसळं दिवसभर धाडधाड मिरची कांडत असतात. वीस वर्षं मी त्या तिखटाच्या धुरळ्यात उभी आहे. दिवाळीपासून माझा आवाज फाटायला लागला. चटणीनं घसा धरलाय असं मी म्हणत राहिले. शेवटी ह्यांनी ओढून डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी नाकातनं नळी घातली आणि समोरच्या पडद्यावर मला माझाच गळा दाखवला. आवाजाच्या पडद्यावर तांदळाएवढी गाठ होती. ‘काढावी लागेल. काढून तपासायला पाठवू. आवाज थोडा बदलू शकतो,’ ते म्हणाले. हंगाम संपेपर्यंत, म्हणजे दोन महिने, मी मागून घेतले. 

गौरीला आमच्या गल्लीत बायका झिम्मा-फुगडीला जमतात. गाणं मी उचलते, बाकीच्या मागनं म्हणतात. साठ-पासष्ट गाणी असतील. सगळी मला शिरोळच्या मावशीनं उसात भांगलताना, तण काढताना शिकवली, आणि कुठंच लिहिलेली नाहीत. माझा गळा गेला तर ती गाणीही गेली. म्हणून मला ती दोन महिन्यांत भरून ठेवायची होती. प्रियांकानं, माझ्या लेकीनं, पुण्याला परत जाताना तिचा जुना लॅपटॉप मला दिला आणि त्या ग्रुपात घातलं. कोल्हापूर-सांगलीकडचे बँजोवाले, भजनी मंडळं, लग्नातले ऑर्केस्ट्रावाले, सगळे रेकॉर्डिंग करणारे. ‘आई, इथं विचार. सगळे सांगतात.’

मी विचारलं, बायकांची गाणी भरायची आहेत, सॉफ्टवेअर कुठलं चांगलं? तासाभरात वीस-पंचवीस उत्तरं आली आणि एकाचं दुसऱ्याशी जुळेना. एक म्हणाला विकतचं घ्या, फुकटचं ते फुकटचंच. दुसरा म्हणाला फुकटचं बास झालं. तिसऱ्यानं चोरून उतरवलेलं देतो म्हटलं, तर चौथ्यानं त्यालाच धरलं, आणि मग ते दोघं संध्याकाळपर्यंत भांडत बसले. इचलकरंजीचा बँजोवाला म्हणाला, ‘मावशी, फोनमध्ये गा की, कशाला डोक्याला ताप!’ मी लॅपटॉप मिटून ठेवणार होते. तेवढ्यात तुमचा निरोप आला, बोललेला.

‘ताई, सॉफ्टवेअरचं नाव मागनं सांगतो. आधी मला सांगा, गाणार किती जणी? एकदम गाणार का मागंपुढं? आणि शेजारी आवाज कशाकशाचा हाय?’

बाकी सगळे आपापल्या सॉफ्टवेअरबद्दल बोलत होते. मी कोण, काय गाते, हे तुम्ही एकट्यानं विचारलंत. मी डंकाचं सांगितलं, सोमवारी तो बंद असतो हेही सांगितलं. तुम्ही मोठ्यानं हसलात. ‘मग तुम्हाला सॉफ्टवेअर मागनं, आधी सोमवार पायजे!’

दोन सॉफ्टवेअर तुम्ही मला उतरवून घ्यायला लावलीत. नावं माझ्या तोंडात बसेनात, म्हणून मी एकाला हिरवं म्हणायची, एकाला काळं. ‘रंगाचं मला सांगू नका,’ तुम्ही म्हणालात, पण का ते सांगितलं नाहीत. एकच गाणं दोन्हीत गायचं आणि शिव्या मोजायच्या, असं तुमचं सांगणं. ‘ज्यात शिव्या कमी दिल्यासा, ते घ्या.’ हिरवं सोपं होतं, पण त्यात माझा आवाज आणि मागच्या बायकांचा आवाज वेगवेगळा धरून ठेवणं मला जमेना. काळ्यात ते एकाखाली एक सरळ दिसायचं. तरी तुम्ही बजावलंत, ‘मी तुमचं ते काळंच वापरतो. पण मी सांगतो म्हणून घेऊ नका. माझी कारणं येगळी हाईत.’

मी काळं घेतलं. मग शिकणं सुरू झालं. तुम्ही गारगोटीच्या बाजारात तुमच्या पेटी दुरुस्तीच्या दुकानात, मी इथं डंकाच्या मागच्या खोलीत, आणि मधे फोन. बाकी कुणी शिकवलं की म्हणायचं, वर डावीकडं ते दिसतंय का, त्यावर क्लिक करा. तुम्ही तसं कधीच म्हणाला नाहीत. कंट्रोल आणि आर दाबा. आता बाणाची खालची कळ दोनदा. आता स्पेस. मला वाटायचं, जुन्या माणसाची सवय असेल. एकदा पडद्यावर लाल अक्षरात कायतरी सूचना आली. मी घाबरून फोटो काढला, त्यावर गोल करून पाठवला आणि विचारलं, हे काय? दोन तास उत्तर नाही. मग निरोप आला, ‘ताई, फोटो नका पाठवू. काय लिवलंय ते वाचून दावा. मला दिसत न्हाय.’

मी अडाणी. मी लिहिलं, ‘फोटो उघडत नाही का? परत पाठवू?’

‘परत पाठवलासा तरी दिसायचा न्हाय. मी आंधळा हाय, ताई. पाच वर्षांचा असताना गोवर आला, तो डोळं घेऊन गेला.’

महिनाभर मी ज्या माणसाला हिरवं-काळं सांगत होते, त्याला रंगच नव्हते. मी माफी मागायला फोन केला, तर तुम्ही मला तुमचा कॉम्प्युटर ऐकवलात. पडद्यावरचं प्रत्येक अक्षर वाचून दाखवणारा तो आवाज इतका भरभर, की मला मुसळाखाली मिरचीचं बी तडतडल्यासारखं वाटलं. तुम्हाला त्यातला शब्द न् शब्द कळत होता. तेव्हाच तुम्ही ती वेगळी कारणं सांगितलीत. आधी तुम्ही एक महागातलं सॉफ्टवेअर वापरायचात. एका सकाळी ते आपोआप नवं झालं आणि तुमच्यापुरतं मुकं झालं. बटणं होती, पण एकही वाचलं जाईना. तीस-बत्तीस गाणी आत अडकली. ‘घरात चोर शिरल्यावानी भ्यालो,’ तुम्ही म्हणालात. मग ह्या काळ्याचे वापरणारे भेटले, कुठकुठल्या देशांतले, त्यातले काही तुमच्यासारखेच न दिसणारे. त्यांनी सहा महिने खपून तुम्हाला एकेक कळ शिकवली.

मलाही तुम्ही तसंच शिकवलंत. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका दिसला की मी पहिली ओळच विसरायची. पंचवीस बायकांपुढं कधी न घाबरलेली मी, त्या ठिपक्याला भ्यायची. ‘डोळं मिटा आन् कळ दाबा,’ तुम्ही म्हणालात. ‘तुमची भीती डोळ्यातनं आत येतीय. दार लावा की.’ पडद्यावर चटणी झाकायचं फडकं टाकून मी डोळे मिटून शिकले. त्या दोन महिन्यांत माझ्या गळ्यातली गाठ मी विसरायची ती तेवढ्याच वेळापुरती. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नाही.

तुम्ही एकदाच आमच्या घरी आलात. काठी घेऊन, एकटे, गारगोटीच्या एस.टी.नं. मी गाणी कुठं भरावीत ते बघायला. बघायला हा शब्द तुमचाच. दारातनं आत आलात आणि पाणीसुद्धा न घेता टाळी वाजवलीत. स्वयंपाकघरात टाळी, जिन्यात टाळी, गच्चीवर टाळी. आमचे हे बघतच राहिले. त्यांनी मला खुणेनं विचारलं, माणूस बरा आहे न्हवं? मिरचीच्या पोत्यांच्या खोलीत तुम्ही टाळी वाजवली आणि म्हणालात, ‘हितं झकास. आवाज कुठं आपटत न्हाय.’ आणि मग जे खोकायला लागलात ते थांबेनातच. शेवटी मधल्या खोलीत दोरीवर चार वाकळा टांगल्या आणि त्यात मला उभी केलीत. आमचे हे म्हणाले, ‘पावणं, हे म्हंजे लेकराला पाळण्यात घातल्यागत झालं.’ तुम्ही म्हणालात, ‘व्हय की, आता रडतंय का गातंय ते बघू!’

चहा झाल्यावर मी तुम्हाला त्या दिवशी भरलेलं गाणं ऐकवलं. एका जागी वरच्या बाजूला बारीक सीऽऽ असा आवाज होता. मी विचारलं, हा कशाचा?

‘कुठं? मला तर काय न्हाय ऐकू आलं.’

मी परत वाजवलं. तुम्ही हेडफोन कानावर दाबून धरलात. तिसऱ्यांदा वाजवलं. मग तुम्ही हेडफोन काढून मांडीवर ठेवलात. ह्यांना डंकावर कुणीतरी हाक मारली म्हणून ते बाहेर गेले, तोवर तुम्ही थांबलात.

‘ताई, वरचं मला ऐकायला येईना झालंय. वरीस झालं. पेटीच्या वरच्या पट्टीतलं सूर आता बोटांनी लावतो, कानांनी न्हाय. गिऱ्हाइकांना अजून कळलं न्हाय.’ तुमची बोटं मांडीवरच्या हेडफोनची वायर गुंडाळत होती. ‘डोळं गेलं तवा ल्हान होतो, भ्यायचं कळत न्हवतं. आता कळतंय. कान गेलं तर मी कुठं ऱ्हायचं, सांगा?’

‘घरी सांगितलंय?’

‘कुणाला न्हाय. खातूनला तर न्हाईच. तुमच्या गळ्याची भीती तुम्ही मला सांगितलीसा, म्हणून म्या माझी तुम्हाला सांगितली. हितंच ऱ्हाऊ द्या.’

मी ‘व्हय’ म्हणाले, बशीरभाई. मी व्हय म्हणाले होते.



ऑपरेशन जवळ आलं तसा माझा आवाज आणखी फाटत गेला. गाणं ऐकलं की मला गाणं ऐकूच यायचं नाही, नुसती खरखर ऐकू यायची, आणि त्या खरखरीत ती गाठ. मग मी काळ्यातल्या साफसफाईच्या सोयी शोधून काढल्या. आवाजातली खरखर पुसली, श्वास पुसले, हललेले सूर ओढून सरळ केले. दोन आठवडे तेच करत बसले. ज्या दिवशी डॉक्टरांनी ऑपरेशनच्या कागदांवर सह्या घेतल्या, त्याच दिवशी दुपारी मी ते धुतलेलं गाणं ग्रुपवर टाकलं. त्या कागदावर लिहिलं होतं, आवाज कायमचा जाण्याची शक्यता. मी ती ओळ चारदा वाचली होती. मला कुणीतरी छान म्हणायला हवं होतं. सगळे म्हणाले. बँजोवाल्यानं तर, मावशी, स्टुडिओत गायल्यागत वाटतंय, असं लिहिलं.

मग तुमचा निरोप आला, सगळ्यांसमोर. ‘वंदनाताई, हे तुम्ही धुऊन धुऊन रंग उडवलाय. बाईचा दम कुठं गेला ह्यातला? निम्मं गाणं दमात असतंय. परत करा.’

तुमच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. तुम्ही सगळ्यांशी असंच बोलायचात. पण मला वाटलं, माझी खरखर सगळ्यांना ऐकू गेलीच आहे, आणि तुम्ही ती परत बाहेर काढायला सांगताय. मी लिहिलं,

‘बशीरभाई, तुम्हाला हल्ली वरचं ऐकू येत नाही, म्हणून तसं वाटत असेल.’

दहा मिनिटांनी मी ते पुसलं. पण ग्रुपवर सव्वाशे माणसं. त्यातली निम्मी तुमच्याकडून पेट्या दुरुस्त करून घेणारी. आणि तुमचा फोन तर आलेला प्रत्येक निरोप लगेच वाचून दाखवतो. तो तडतडा आवाज माझं वाक्य तुम्हाला वाचून दाखवतोय, हे मला इथं बसून ऐकू येत होतं.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी फोन करायचा म्हणून दररोज हातात घेतला. आज नको, उद्या करू. उद्या ह्यांच्यासमोर नको. परवा ते गाणं परत भरू आणि मग करू. अकरा दिवस असे गेले. बाराव्या दिवशी सकाळी बँजोवाल्यानं ग्रुपवर लिहिलं, ‘काल दुपारी बशीरभाई गेले. दुकानात पेटी उघडून बसले होते, तिथंच.’

मी ते वाचलं तेव्हा डंक चालू होता. बाई समोर मिरच्या घेऊन उभी होती. मी तिला म्हणाले, थांबा जरा, आणि वाकळांच्या खोलीत जाऊन बसले. रडले नाही. भीतीनं रडू येत नाही, बशीरभाई, कोरड पडते.

तिसऱ्या दिवशी जियारतीला आम्ही दोघं गारगोटीला आलो. बायकांच्या खोलीत मी खातूनभाभींच्या शेजारी बसले. ‘तुमीच व्हय गाणाऱ्या ताई?’ त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी माझ्याकडं बघत चहाचा कप माझ्यापुढं सरकवला. मला वाटलं, ह्यांना माहीत आहे. मग वाटलं, माहीत नसेल, आणि मी आत्ता सांगितलं तर ह्या माणसांत काय होईल? चहाचा कप रिकामा होईपर्यंत मी मनात वाक्य जुळवत राहिले. मग आमच्या ह्यांनी बाहेरनं हाक मारली आणि मी उठले.

ऑपरेशनच्या आदल्या सोमवारी मी गल्लीतल्या बायकांना बोलावलं. सात जणी आल्या. वाकळांच्या मधे दाटीवाटीनं उभ्या राहिलो. काहीच पुसायचं नाही असं ठरवलं होतं. तुमच्याशिवाय पहिल्यांदाच कळ दाबायची होती. बोट कळीवर ठेवलं आणि सगळं विसरले, कुठल्या दोन कळा, आधी कुठली. सुमनवहिनी म्हणाली, ‘अगं, काय झालं? मशीन बिघडलं व्हय?’ मी म्हणाले, ‘मशीन न्हाय.’ मग डोळे मिटले. बोटांना आठवलं. सलग तीन तास गायले. आवाज फाटला, खोकला आला, कुणीतरी मधेच हसलं, शेवटच्या गाण्यात तर माझा सूर अर्ध्यातच गेला आणि बाकीच्यांनी तो उचलून धरला. सगळं तसंच ठेवलंय. अठ्ठावीस गाणी झाली. बाकीची राहिली ती राहिली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात स्ट्रेचरवर घेताना ह्यांनी माझा हात धरला होता. मी त्यांना काहीतरी बोलायला पाहिजे होतं, शेवटचा आवाज म्हणून तरी. मी म्हणाले, ‘डंकाचा पट्टा सैल झालाय, बघा.’

इथवर बंदीत लिहून ठेवलं होतं. आता पुढचं.

सातव्या दिवशी गाठीचा कागद आला. तसलं काही नाही, साधी गाठ. ह्यांनी तो तीनदा वाचून दाखवला आणि मग पाटी उचलून कपाटावर टाकली. मी ती परत काढून घेतली, कारण एक दिवस अजून बाकी होता.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी परत नळी घातली, बघितलं आणि म्हणाले, ‘आता म्हणा, आऽऽ.’ मी तोंड उघडलं. आवाज काढायचा कसा, हेच आठवेना. डॉक्टर परत म्हणाले. जो आवाज आला तो माझा नव्हता. जाडा, खालचा, ओल्या लाकडावर करवत चालवावी तसा. वरचं काहीच नाही. ‘सहा महिने व्यायाम करा, सुधारेल,’ ते म्हणाले. किती सुधारेल ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

घरी आले आणि चप्पलसुद्धा न काढता तुमच्या घरचा नंबर लावला. थांबले असते तर परत अकरा दिवस गेले असते. फोन दोन्ही हातांनी धरला.

भाभींनीच उचलला.

‘हॅलो,’ मी म्हणाले.

‘कोण पावणं बोलतायसा? दुकान बंद झालंय आता. पेटीवालं गेलं.’

‘भाभी, मी वंदना. कोल्हापूरची, डंकवाली.’

‘या अल्ला! काय झालं वो तुमच्या आवाजाला?’

‘ऑपरेशन झालं. भाभी, मला आधी एक सांगू द्या.’ आणि मी सांगितलं. तुम्ही मला विश्वासानं काय सांगितलं होतं, आणि मी ते कुठं, कुणासमोर आणि कसं टाकलं. मधे दोनदा आवाज बंद पडला. भाभी थांबून राहिल्या.

‘ठावं हाय मला,’ त्या म्हणाल्या. ‘पुतण्या हाय न्हवं आमचा अल्ताफ, तो पण त्या ग्रुपात हाय. तुम्ही पुसायच्या आधीच त्यानं वाचलंतं. लगेच मला येऊन सांगितलं.’

‘बशीरभाई काय म्हणाले?’

‘लई रागावलंतं. त्या राती जेवलं न्हाईत. तुमचं नाव काढू दिलं न्हाय.’

‘मग? राग गेला का नंतर?’

‘तसं काय बोललं न्हाईत. मेलेल्या माणसाबद्दल खोटं कशाला सांगू तुम्हाला?’

मी दारातच खाली बसले. मग त्याच पुढं म्हणाल्या, ‘पर ताई, मला त्या दिवशीच कळलं की. वरीसभर हाका मारत होतो, ओ देत न्हवतं. मला वाटायचं, माझा कंटाळा आला ह्यांना. म्हातारपणी काय चुकलं माझं, म्हणून एकटीच रडत बसायचो. आन् ह्यांना ऐकूच येत न्हवतं!’

‘मग काय केलंत?’

‘काय करतोय? भांडलो. पाचव्या दिवशी मी आन् अल्ताफनं धरून कानाच्या डॉक्टरकडं नेलं, कोल्हापुरातच. मशीन घातलं कानात. सहा दिवस घातलं त्यांनी.’

‘सहा दिवस ऐकू आलं?’

‘व्हय. पहिल्या दिवशी घरात आलं, खाटेवर बसलं. मी पाणी आणायला गेलो तर हितनंच वरडलं, खातून, चालताना तुझा गुडघा वाजतोय की गं! दवाखान्यात दाव.’ भाभी हसल्या. हसता हसता त्यांचा आवाज बदलला आणि त्यांनी नाक पुसल्याचं ऐकू आलं. तेवढ्या वेळात मला कळत होतं, त्या सहा दिवसांत तुम्ही माझं गाणं परत ऐकलंत का, हे विचारायला हवं. ओठांवर आलं होतं. धाडस झालं नाही, बशीरभाई. ते मी कधी विचारीन असं वाटत नाही.

‘मग दाखवला का गुडघा?’ मी विचारलं.

‘कुठलं दाखवतोय! परवाची वेळ दिलीय कोल्हापूरच्या डॉक्टरनं. अल्ताफला त्याचं दुकान सोडता येत न्हाय. एकटीला भ्या वाटतंय. ऑपरेशन सांगतील, काय सांगतील.’

‘मी येते बरोबर.’

‘तुमी? आन् ह्या आवाजात तुमी काय बोलणार डॉक्टरशी?’

‘तुम्ही बोला. मी नुसती शेजारी बसते.’

पलीकडं भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग भाभींनी आवाज बारीक केला. घरात कुणी ऐकत असावं.

‘ताई, खरं सांगा. लई दुखतं का वो ऑपरेशन?’

‘दुखत नाही फारसं,’ मी म्हणाले. ‘भीती वाटते, तेवढीच.’

‘मग स्टँडवर या मला घ्यायला,’ त्या म्हणाल्या. ‘मला गर्दीत सुधरत न्हाय.’